गल्लीबोळ: स्पेक्ट्रमवर चौघांचं विषामृत (प्रकल्प नोंदी)

१५ मार्च २०२५

आराखडा पक्का केला. खेळाचं नाव ‘गल्लीबोळ’. यंत्र ४८के स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेअरचा १९८० च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर: साडेतीन मेगाहर्ट्‌झचा झेड८० प्रोसेसर, २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा पडदा आणि आवाजाला एक पिपाणी. खेळणारे चार, कीबोर्ड एकच.

खेळ विषामृताचा. एकावर राज्य, बाकीचे तिघं बोळांतून पळणार. शिवलं की विष, जागच्या जागी उभं राहायचं. मोकळ्या गड्यानं येऊन शिवलं की अमृत. तिघंही विष झाले की डाव संपला, आणि पहिला सापडलेला पुढचं राज्य घेणार. बंदुका नाहीत, बॉम्ब नाहीत, फायरचं बटण नाही. फायर नको हे आधी निव्वळ आळसातून ठरवलं होतं. कीबोर्डाकडे नीट बघितल्यावर तेच सगळ्यात उपयोगी पडेल असं दिसतंय.

चौघांनी एका पडद्यावर भूलभुलैया खेळायची पद्धत घरगुती कॉम्प्युटरांवर जुनीच आहे, पण ती सधन यंत्रांची. १९७९ च्या अटारी ४०० आणि ८०० ला जॉयस्टिकची चार सॉकेट होती, म्हणून १९८३ साली जॉन पॅलेविच यांचा ‘डँडी’ तिथे चौघांना खेळता आला. त्याच वळणाचा ‘गॉन्टलेट’ १९८५ साली आर्केडमध्ये आला तोही चौघांसाठी. स्पेक्ट्रमवर उतरला तेव्हा मात्र दोघांचाच झाला. १९८७ चा ‘मिडी मेझ’ तर सोळा अटारी एसटी मिडीच्या (वाद्यं जोडायच्या) वायरींनी एकमेकांना जोडून खेळता यायचा. सोळा एसटी एका खोलीत! इथे एक मिळवायची मारामार. खुद्द स्पेक्ट्रमलाही १९८३ च्या इंटरफेस १ या जोडणीमुळे ६४ यंत्रांचं जाळं विणता येतं. माझ्याकडे जाळं विणायला एकच यंत्र आहे.

तेव्हा एक यंत्र, एक कीबोर्ड, आठ हात. चौघांना सारखीच संधी मिळाली पाहिजे, एवढी एकच अट मी स्वतःला घातली आहे.

१८ मार्च

यंत्र म्हणजे आतेभावाच्या माळ्यावरचा डीबी स्पेक्ट्रम प्लस, १९८६ पासून भारतात परवान्यावर विकला जायचा तो. एवढ्या वयाच्या यंत्राला थेट वीज द्यायची नसते. खालच्या १६के मेमरीच्या ४११६ चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, आणि त्यातला उणे पाच गेला की चिपा धडाधड जातात. आधी मल्टीमीटरनं उणे पाच, पाच आणि बारा तपासले, वाळलेले कपॅसिटर बदलले. कीबोर्डाच्या आतल्या पातळ पडद्याची शेपटी वयानं कडक होऊन तडकली होती. नवा पडदा मागवला. हल्ली कोणीतरी ते नव्यानं बनवतं, ही कृपाच. मॉड्युलेटरला (अँटेनाच्या सॉकेटासाठी सिग्नल बनवणाऱ्या भागाला) बगल देऊन थेट कॉम्पोझिट सिग्नल काढला.

कोड लॅपटॉपवर लिहायचा, एम्युलेटरवर (लॅपटॉपवरच्या नकली स्पेक्ट्रमवर) चालवायचा, आणि आठवड्यातून एकदा तरी खऱ्या यंत्रावर चढवायचा.

२३ मार्च

भूलभुलैया कागदावर आखून बघितला. पडद्यावर ३२ गुणिले २४ चौकटी बसतात, त्यातल्या ३१ गुणिले २३ खेळाला. खालची एक ओळ गुणांची. विषम आकडे मुद्दाम घेतले: सम जागी भिंती, विषम जागी खोल्या. अशा १५ गुणिले ११, एकूण १६५ खोल्या.

खोदायची पद्धत नेहमीची. एका खोलीतून सुरुवात करून न पाहिलेल्या शेजारी खोलीत भिंत फोडून शिरायचं, वाट संपली की आल्या पावली मागे. त्यातून सुंदर, लांबलचक आणि खेळायला निरुपयोगी भूलभुलैया तयार होतो, कारण जागोजाग आंधळे बोळ. राज्य मागे लागलेलं असताना आंधळ्या बोळात शिरणारा सरळ मेला, त्यात त्याचं कौशल्य काहीच नाही. पॅक-मॅनच्या भूलभुलैयात एकही आंधळा बोळ नाही, हे तोवर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मग दुसरी फेरी: जिला तीन भिंती आहेत अशी प्रत्येक खोली शोधून तिची एक भिंत पाडायची. आता कुठूनही शिरा, बाहेर पडायला दुसरी वाट आहे.

३० मार्च, पाडवा

श्रीखंड खाऊन बसलो तरी काम झालं.

भूलभुलैया दर डावाला नवा, म्हणजे एखाद्याचा कोपरा मोकळा आणि दुसऱ्याचा अडचणीचा होणार. उपाय: फक्त डावा वरचा पाव भाग खोदायचा, आठ गुणिले सहा खोल्यांचा, आणि आरशात धरल्यासारखा उजवीकडे आणि खाली उलटा उतरवायचा. मधली उभी रांग आणि मधली आडवी रांग चारही भागांना सामायिक असल्यामुळे सगळे बोळ आपोआप जोडले जातात. आंधळे बोळ मोजताना मात्र मधल्या रांगेतल्या खोल्यांना आरशातली वाटही धरावी लागते, नाहीतर तिथे भिंती उगाच फुटतात.

ज्याच्यावर राज्य तो बरोबर मध्यावर, बाकीचे तिघं तीन कोपऱ्यांत. मध्यापासून प्रत्येक कोपरा सारख्याच अंतरावर, वळणासकट. ‘तुझ्या बाजूला बरंय’ म्हणायला कोणाला जागा नाही.

६ एप्रिल

चित्र काढणं. स्पेक्ट्रमवर रंग ठिपक्यांना नसतो, आठ गुणिले आठच्या चौकटीला असतो, आणि एका चौकटीत दोनच रंग. दोन गडी एकाच चौकटीत आले की एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. शिवाशिवीच्या खेळात ऐन शिवण्याच्या क्षणीच कोण कोणता ते कळेनासं होणार! म्हणून रंगावर अवलंबून राहायचं नाही असं ठरवलं. चार गडी चार आकारांचे: गोळा, त्रिकोण, चौकट आणि फुली. कृष्णधवल टीव्हीवरही ओळखू येतात. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण १९८२ च्या एशियाडच्या वेळी आलं आणि त्यानंतरही बरीच वर्षं बहुतेक घरांत कृष्णधवल संचच होता, तेव्हा हा विचार त्या काळालाही धरून आहे.

राज्य असलेल्या गड्याच्या चौकटीला ब्राइटचा बिट, विष झालेल्याला फ्लॅशचा बिट. लुकलुकायचं काम पडदा रंगवणारी यूएलए चिप स्वतः करते, मला एक ओळही लिहावी लागली नाही.

लुकलुक हवी ती एवढीच. हलणारे गडी मात्र थरथरता कामा नयेत. दर सेकंदाला ५० वेळा इंटरप्ट (प्रोसेसरला हाक) येतो, आणि त्यानंतर पडद्याची पहिली रेघ रंगायला लागेपर्यंत १४,३३६ टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरचे ठोके, मिळतात. चारही गडी पुसून नव्या जागी काढायचं काम तेवढ्यात उरकलं पाहिजे. मोजायला जुनी युक्ती: काम सुरू करताना बॉर्डर (चित्राभोवतीची कड) लाल, संपलं की काळी. टीव्हीच्या वरच्या कडेला लाल पट्टा दिसतो, त्याची प्रत्येक रेघ म्हणजे २२४ टी-स्टेट. पट्टा चित्राच्या आधीच संपतोय. स्टॉपवॉच नको, डीबगर नको, पट्टीसुद्धा नको, नुसतं बघायचं.

१२ एप्रिल

आता खरा विषय, कीबोर्ड.

स्पेक्ट्रमची ४० बटणं आठ अर्ध्या ओळींत विभागलेली आहेत, एकेका ओळीत पाच. १ ते ५ ची ओळ पोर्ट (वाचायचा पत्ता) ६३४८६ वर वाचायची, ६ ते ० ची ६१४३८ वर, कॅप्स शिफ्ट ते व्ही ६५२७८ वर, एन्टर ते एच ४९१५० वर. दाबलेल्या बटणाचा बिट शून्य होतो. बटणागणिक वेगळी वायर नाही: आठ ओळी, पाच स्तंभ, आणि बटण दाबलं की एक ओळ एका स्तंभाला चिकटते.

प्रत्येक गड्याला एक ओळ दिली. पहिला १ ते ४, दुसरा ६ ते ९, तिसरा झेड एक्स सी व्ही, चौथा एच जे के एल. पहिल्या दोघांचा क्रम सिंक्लेअर जॉयस्टिकचाच ठेवला, त्यामुळे कोणाकडे इंटरफेस २ (जॉयस्टिक जोडायची जोडणी) असेल तर दोघं जॉयस्टिकवर खेळू शकतील. चौथ्याचा क्रम युनिक्सच्या व्हीआय एडिटरवाल्यांना पाठ असतो; मला तीच जागा हवी, हे आत्ताच सांगून ठेवतो.

खऱ्या यंत्रावर चढवलं आणि गडी वाटेल तिकडे वळायला लागले. एम्युलेटरवर असं काही झालं नव्हतं. संध्याकाळभर एक एक बटण दाबून बघितलं तेव्हा उलगडा झाला. पहिल्या गड्यानं १ आणि २ एकदम दाबलं, आणि त्याच वेळी चौथ्याच्या ओळीतलं ‘एन्टर’ दाबलं गेलं, तर यंत्राला ‘एल’सुद्धा दाबल्यासारखं वाटतं. १ आणि एन्टर एकाच स्तंभात, २ आणि एल शेजारच्या स्तंभात. चौथ्याच्या ओळीतून निघालेला सिग्नल एन्टरवरून पहिल्याच्या ओळीत चढतो, तिथून २ वरून शेजारच्या स्तंभात उतरतो आणि ‘एल’ म्हणून परत येतो. आयताचे तीन कोपरे दाबले की चौथा आपोआप. याला घोस्टिंग म्हणतात, आणि ज्या कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र डायोड (वीज एकाच दिशेनं सोडणारा भाग) नाही तिथे ते होतंच.

१३ एप्रिल

एका गड्यानं एका वेळी एकच बटण दाबलं, तर हे भूत उभं राहत नाही. फायर नाही हे इथे कामी आलं. पण माणसाची बोटं अशी शिस्तीत चालत नाहीत. डावीकडून वर वळताना पहिलं बोट उचलायच्या आत दुसरं पडलेलं असतं, आणि तेवढ्या दोन-तीन फ्रेममध्ये (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग) तो शेजाऱ्याचा गडी भलतीकडे वळवतो.

मग एक गोष्ट ध्यानात आली. भूत बटण वाढवतं, कधीच कमी करत नाही. आणि ज्या ओळीत एकही खरं बटण दाबलेलं नाही, तिथे ते येऊच शकत नाही. म्हणजे भूत जिथे दिसेल तिथे किमान दोन बटणं दिसणारच. नियम सोपा झाला: ओळीत नेमकं एक बटण दिसलं तरच वळायचं; दोन किंवा जास्त दिसली तर आधीची दिशा चालू. गडी पॅक-मॅनसारखा आपोआप चालतच राहतो, त्यामुळे दोन-तीन फ्रेम दुर्लक्ष झालं तरी कोणाला जाणवत नाही.

कोड पाच-सहा ओळींचा. बायकोला आणि शेजारच्या काकांना बसवून बघितलं. चुकून वळणं पूर्ण बंद.

एक भौतिक उपायही करावा लागला. स्पेक्ट्रम प्लसवर स्पेसच्या दोन्ही बाजूंना बाणांची बटणं आहेत, पण आतून ती खोटी आहेत: डावा बाण म्हणजे कॅप्स शिफ्ट अधिक ५, वरचा बाण म्हणजे कॅप्स शिफ्ट अधिक ७. तिसऱ्याचा तळवा वरच्या बाणावर टेकला की ७ दाबला जाऊन दुसऱ्याचा गडी हलतो. खालच्या अख्ख्या ओळीवर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली. सॉफ्टवेअरनंही जमलं असतं, पण पुठ्ठा आधी सापडला.

२० एप्रिल

कोणाचा नंबर आधी? प्रत्येक फ्रेममध्ये पहिला, दुसरा, तिसरा, चौथा या क्रमानं हलवलं, तर पहिल्याला कायम एक पाऊल आधी मिळतं. पहिल्यानं विष झालेल्याला सोडवलं आणि त्याच फ्रेममध्ये चौथ्यानं, म्हणजे राज्यानं, पहिल्याला शिवलं, तर दोन्ही घडतं. राज्य पहिल्या क्रमांकाकडे असेल तर सुटका होतच नाही. तोच प्रसंग, निकाल वेगळा, आणि तोही बटणं कुठली मिळाली यावर.

आता दोन टप्पे केले. आधी चौघांच्या नव्या जागा काढायच्या, कोणाला काही होऊ द्यायचं नाही. मग शिवाशिवी तपासायची. एकाच फ्रेममध्ये सुटका आणि पकड दोन्ही असतील तर सुटका धरायची; मैदानातही वाद झाला की बहुतेकदा तसंच ठरतं.

दुसरी गोम समोरासमोरची. दोघं एकमेकांकडे धावत आले आणि त्याच फ्रेममध्ये चौकटी अदलाबदल झाल्या, तर ‘दोघं एकाच चौकटीत आहेत का’ या प्रश्नाचं उत्तर कायम नाहीच येतं. आरपार गेले! पॅक-मॅनमध्येही हीच फट आहे. तिथे क्वचित भुताच्या अंगातून निसटता येतं. शेकडो वेळा खेळलेल्यांना तो चमत्कार वाटतो. चौघांच्या खेळात त्यावरून भांडणं होतील, म्हणून चौकटींऐवजी ठिपक्यांतलं अंतर मोजायला घेतलं: दोन्ही दिशांना आठपेक्षा कमी म्हणजे शिवलं.

३ मे

खेळ व्यवस्थित चालतो आणि कंटाळवाणा आहे. आंधळे बोळ नाहीत, सगळ्यांचा वेग सारखा, म्हणजे एखाद्या चौकाभोवती गोल गोल पळणारा जन्मात सापडत नाही. राज्याचा वेग वाढवून बघितला, तर तिघंही लगेच सापडतात.

उत्तर पुन्हा पॅक-मॅनमध्येच मिळालं. तिथे प्रत्येक ठिपका खाताना पॅक-मॅन एक फ्रेम थांबतो, म्हणून ठिपके भरलेल्या बोळात भुतं जवळ येतात आणि रिकाम्या बोळात मागे पडतात. मी बोळांत चिंचोके टाकले. पळणाऱ्यानं चिंचोका उचलला की एक गुण आणि दोन फ्रेमची थांबणूक. राज्याला चिंचोके दिसतात, उचलता येत नाहीत. वेग सगळ्यांचा सारखाच.

आता गोल गोल पळणारा सुरक्षित आहे, पण उपाशी. हावरट सापडतो. दोन गडी विष होऊन उभे आहेत, तिसऱ्यासमोर चिंचोक्यांनी भरलेला बोळ आहे, आणि मित्र पलीकडे लुकलुकतायत: अशा वेळी जो तो आपला खरा स्वभाव दाखवतो. शेजारच्या काकांनी चिंचोके घेतले.

११ मे

भाचरं सुट्टीला आली. चौघं एका फुटाच्या कीबोर्डाला चिकटून, दोघं बसलेली आणि दोघं त्यांच्या खांद्यावरून हात घालून. दहा मिनिटांत आरडाओरडा. मधल्या भाचीचा गडी कोणालाच सापडेना, आणि तिच्यावर राज्य आलं की बाकीच्यांचे गडी वळेनात.

“मामा, बघ ना, ती दोन-दोन बटणं दाबून बसलीये!”

खरंच होतं. पोरीनं कुठलीही थिअरी न वाचता शोधून काढलं होतं, की सरळ बोळात असताना आपली दोन बटणं दाबून धरली की इतरांची त्याच स्तंभातली बटणं मरतात. तिच्या दोनांमुळे त्यांच्या ओळीत भूत उभं राहतं, माझा नियम दोन बटणं बघतो आणि त्यांच्याकडे काणाडोळा करतो. तिचं स्वतःचं काही बिघडत नाही, कारण तिला सरळच जायचंय. रडीचा डाव, पण काय डोकं आहे!

१२ मे

भूत कुठलं आणि मुद्दाम दाबलेलं कुठलं, हे वेगळं कसं ओळखायचं? दोन्ही ओळींत दोन-दोन दिसत असतील तर ओळखता येत नाही. पण भूत उभं राहायला कुठल्या तरी एका ओळीत खरोखर दोन बटणं दाबलेली असावी लागतात. म्हणजे अख्ख्या कीबोर्डात एकाच ओळीत दोन दिसत असतील आणि बाकी सगळीकडे एक किंवा शून्य, तर ती दोन खरीच. गुन्हेगार सापडला. इतरांची बोटं बटणांवरून उठतात ते क्षण यंत्राला पुरतात.

अशी एकटी ओळ दिसली की त्या गड्याच्या नावावर एक खूण. पाठोपाठ दहा खुणा जमल्या की त्याचा गडी एक सेकंद जागेवर. एक बटण नीट दाबलं की खुणा पुसल्या. वळताना होणारी दोन-तीन फ्रेमची सरमिसळ यात अडकत नाही.

त्यासाठी खेळात न वापरलेल्या चार ओळीही वाचाव्या लागतात, कारण कोणी कोपरानं क्यू आणि डब्ल्यू एकदम दाबलं तर आळ निरपराधावर यायचा. आठ ओळी वाचायला वेळ नगण्य, लाल पट्टा होता तेवढाच आहे.

भाचीला सांगितलं, आता चालणार नाही. तिनं दोन डाव खेळून खात्री करून घेतली आणि जागा बदलून मागितली. तिला एच जे के एल हवं होतं. दिलं.

१८ मे

मुलांच्या मागण्यांपैकी दोन घेतल्या.

टाइम्प्लीज: ‘पी’ दाबलं की खेळ थांबतो, एका डावात प्रत्येकी नव्हे, सगळ्यांत मिळून एकदाच. पण थांबलेल्या पडद्याकडे बघून वाटा पाठ करता येतात. म्हणून थांबताना रंगांच्या ७६८ बाइट बाजूला ठेवून त्या जागी शून्य भरलं. शाई काळी, कागद काळा, पडदा क्षणात काळाकुट्ट. ठिपके मात्र जागच्या जागी. पुन्हा सुरू करताना रंग परत ठेवले की झालं.

लिंबूटिंबू: सगळ्यात धाकट्यासाठी. त्याच्यावर राज्य येत नाही, आणि विष झाला तर तीन सेकंदांनी आपोआप सुटतो. गुण मात्र पूर्ण. निवड खेळाच्या सुरुवातीला होते. मोठ्या भाच्यानं लगेच स्वतःला लिंबूटिंबू करून घेतलं, तेव्हा एका खेळात एकच, असाही नियम घालावा लागला.

आवाज जेमतेम. पिपाणी वाजवताना झेड८० ला दुसरं काही करता येत नाही, म्हणून शिवलं की एक छोटी टिक, सुटलं की दोन. गाणंबिणं नाही.

२५ मे

बाहेर मे महिन्यातच पाऊस, मुलं घरात, खेळ दिवसभर चालू. कोड आणि चित्रं मिळून ९ केबीच्या आसपास. कॅसेटच्या आवाजाची फाइल जुन्या फोनवरून ईअर सॉकेटात, आवाज पूर्ण वर, मिनिटभरात लोड होतो. नव्या फोनांना हेडफोनची पिनच नसते, म्हणून जुना फोन या कामाला राखून ठेवला.

उरलेलं काम: केम्पस्टन जॉयस्टिक पोर्ट ३१ वर वेगळी वाचली जाते, तिला घोस्टिंगचा प्रश्न नाही, तेव्हा चारांपैकी कोणालाही ती घेता यावी. ती नसेल तर पोर्ट ३१ वर भलतंच काही वाचलं जातं, म्हणून सुरुवातीला एकदा विचारावं लागेल. गुणांच्या ओळीत आकड्यांशेजारी गड्यांचे आकार हवेत. पुठ्ठ्याची पट्टी सुटायला लागली आहे. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणायची.